सेलूच्या घरातला न फिरणारा ड्रायर

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. बी.एस्सी., विषय फिजिक्स. हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही, आजही वाटत नाही. सेलूच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि काही वर्षांनी आम्ही नवरा-बायकोनं मिळून वॉशिंग मशीन घेतलं. दोन टाक्यांचं. एकीत कपडे धुवायचे, मग उचलून दुसरीत टाकायचे; ती गरगर फिरून पाणी काढते. तिला सगळे ड्रायरच म्हणत.

मशीन घेण्याचं खरं कारण आई होती. झरीला भावाकडे असताना ती ओट्यावरून पडली, मनगट मोडलं आणि वाकडंच बसलं. तरी नऊवारी लुगडं पिळायची ती पिळायचीच. माझ्याकडे राहा म्हटलं की तिचं ठरलेलं, "चार दिस पाव्हणी म्हून येते. लेकीच्या घरी बसून खाऊ काय?" मग मीच युक्ती केली. म्हणाले, मशीन आणलंय, मी शाळेत, चालवायला माणूस नाही. कामाला ये. काम म्हटल्यावर आली. चार महिने राहिली. मनगटाची सूजही उतरली.

दसरा झाला आणि पुढच्याच रविवारी ड्रायर फिरेना. बटण पिळलं की टिकटिक ऐकू यायची, पण टाकी जागची हलत नव्हती.

"म्या हात लावला अन् बसलं बघ," आई म्हणाली. "लय महागाचं असंल. आता हितं माजं काय काम हाय?" आणि सरळ पिशवी भरायला बसली. चारच्या गाडीनं परभणी, तिथून झरी. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या आठवड्यात बंद चालू होते, परभणीहून मेकॅनिक यायची आशा नव्हती. रेल्वे मात्र चालू होती.

नवरा पेपर खाली करून म्हणाला, "फिजिक्सच्या बाई, आज तुमची परीक्षा."

"पेपर सोपा आहे," मी म्हणाले.

सोपाच होता, फक्त क्रमानं जायला हवं होतं. धुण्याची टाकी फिरत होती, म्हणजे वीज आत येत होती. प्लग, फ्यूज, वायर सगळं ठीक. टिकटिक तर चावीच्या घड्याळासारखी, वीज नसतानाही होते; तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

"मोटर जळली असंल," नवरा म्हणाला.

"वास येतोय का?"

"न्हाई."

"अडकली असती तर घुं घुं केलं असतं. तेही नाही. मोटरपर्यंत वीज पोचतच नाही."

मग वाटेत अडतंय कुठं? मी झाकण उघडून लावलं, परत उघडलं, परत लावलं. रोज ते लावताना आतून टक असा आवाज यायचा. आज नव्हता. झाकण नीट लागल्याशिवाय ड्रायर फिरू नये म्हणून आत एक खटका असतो. मी प्लग काढला, मागच्या फटीत बॅटरीचा उजेड टाकला. खटक्याखाली काहीतरी घट्ट बसलं होतं, पिवळट-लाल. केसातला आकडा काढून टोकरलं. तांदळाचे तीन दाणे निघाले, पाणी पिऊन फुगलेले, कुंकू लागलेले.

खंडेनवमीला गावाकडं विळे-खुरप्यांची पूजा करतात. इथं आईनं मशीनची केली होती. हळदकुंकू वरून लावलं, आणि अक्षता मात्र दोन्ही झाकणं उघडून मनापासून आत टाकल्या.

नवरा डोळ्यांनी खुणावत होता, सांगू नको म्हणून. मला खोटं जमत नाही, आणि जमलं असतं तरी आईनं ओळखलं असतं. मी तळहात तिच्यापुढे धरला.

"म्हंजी म्याच बिघडवलं."

"बिघडलं काहीच नाही, झाकण लागत नव्हतं. आणि एक ऐक. हे मशीन तुझ्या मनगटासाठी घेतलंय. माणूस नाही मिळत वगैरे मी उगंच सांगितलं. तू जाऊन परत लुगडी पिळणार असशील तर मी हे उद्या विकते."

 पिशवीचे बंद तिच्या हातात तसेच.

"मामी," नवरा म्हणाला, "सणावाराला घरातल्या समद्यांस्नी जेवू घातलं तुमी. त्यालाबी घातलं. तवा जेवून झोपलं होतं ते."

"जावईबापू, चेष्टा करू नका," असं म्हणून तिनं पदर पुढं ओढला, पण आतल्या आत हसत होती.

मी प्लग लावला. आई उठली, लुगडं टाकीत बसवलं, झाकण स्वतः लावलं. टक. बटण पिळलं. टाकी घरघरत फिरायला लागली. ती झाकणावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

"पुढल्या खंडेनवमीला वरूनच वाहीन," म्हणाली.

पुढली खंडेनवमी वर्षावर होती. मी नुसतं बरं म्हणाले.