बिजलीचं दावं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर निघाली नाई. बायको गेली, तिच्यापाशीही नाई. देवापाशी मी तसंही जास्त बोलत नाई. आता लिहून राह्यलो, ते दुसरीपर्यंत शिकलेल्या अक्षरानं. ओळी वाकड्या जातीन. जाऊ द्या.

आमचं गाव मोहर्लीच्या अलीकडं, रानाले लागून. गावच्या मालगुजारापाशी विलायती शिकारी कुत्रे होते. मालक त्यायले ग्रेहाउंड म्हणत, आम्ही ताजी म्हणत होतो. लांब तोंड, आत गेलेलं पोट, उभं असलं तरी पळून राह्यलं असं वाटणारं जनावर. त्यायचा राखणदार मी. सशामागं, डुकरामागं ते सोडायचे माझ्या हातानं, आणि परत यायचे माझ्याच हाकेले. मालकाच्या हाकेले नाई — हे मी तेव्हाही सांगत होतो, आताही सांगतो.

मालगुजारी गेली तसे मालक वरोऱ्याहून गाडीत बसून नागपूरले गेले. बंदुका नेल्या, घोडा विकला. दोन कुत्रे उरले होते, एका वेताचे, दिलबर आणि बिजली. दोन्ही म्हातारे. म्हातारं कुत्रं कोण नेते? मालकाच्या आईले आम्ही बाईसाहेब म्हणत होतो. त्या बैलबंडीत बसता बसता मले म्हणाल्या, "यायले मरेपर्यंत एकटं सोडू नको." मी म्हणालो, "बाईसाहेब, माझ्या मांडीवर मरतीन."

दिलबर मेला तो खरंच मांडीवर. ते मी गावभर सांगितलं. सांगण्यासारखंच होतं ना?

म्हातारा ताजी राखणं सोपं नाई. अंगावर मांस नाई, केस नाई. कडक जमिनीवर निजला की कोपराले, कुल्ल्याले जखम पडते. धानाच्या तणसाचं अंथरूण करा, वर पोतं टाका, ते रोज उन्हात घाला. दात गेले की भाताची पेज, त्यात कुटलेली सुकी मासोळी. पळणं सुटलं की नखं वाढतात, ती घासा. थंडीत मोहाच्या बियायचं, म्हणजे टोळीचं, तेल कोमट करून सांध्यायले चोळा. बायको म्हणे, "माझे गुडघे दुखतात, तं कधी तेल नाई लावलं."

"तू धावली का कधी डुकरामागं?"

"तुमच्यामागं धावली की जलमभर."

असं आमचं चाले. बिजलीले पेज मात्र तीच भरवे.

मग बिजलीचे डोळे गेले. दोन्हीत पांढरं आलं. ताजी नाकानं शिकार करत नाई, डोळ्यानं करते. डोळे गेले की सगळंच गेलं. ती माझ्या मागं चाले, नाक धोतराले लावून. मी थांबलो की थांबे, वळलो की वळे. पारावरचे लोक म्हणत, "भाऊ, शिकारीले निघाले का? ससा म्हणते, या आरामात, मी थांबतो." मी हासत नव्हतो. पण ऐकत होतो — एक एक शब्द.

आमच्याकडं हाक्यात, सगळ्यायनं मिळून रान उठवून, डुक्कर पडलं की वाटे होतात. ज्या कुत्र्यानं आधी धरलं त्याचाही वाटा निघते, माणसाएवढा. कितीतरी वर्षं तो वाटा माझ्या घरी आला. आता लालसूच्या घरी जात होता. लालसू गोंड, माझ्या बांधीले लागूनच त्याची धानाची बांधी. त्याचे गावठी कुत्रे, कान फाटलेले, पण डुक्कर धरत. तरी तो पळसाच्या पानात बिजलीचा वाटा बांधून आणे. म्हणे, "तिनं लय धरले, भाऊ. म्हातारी झाली म्हणून तिचा वाटा कोन बंद करन?"

सांगा, याच्यात राग येण्यासारखं काय होतं? मले आला. दोनदा घेतला, तिसऱ्यांदा दारातूनच परत पाठवला. म्हणालो, माझं कुत्रं खैरात खात नाई.

दिवाळी झाली की मंडई भरते. आजूबाजूचे गावं बंड्या जुंपून येतात, सोयरे भेटतात, मिठाईचे दुकानं, दंडारीचा खेळ. आधी मी मंडईत दोन्ही ताजी दोन हाताले घेऊन फिरत होतो. लोक वाट देत. लोक कुत्रे पाहत होते, मले नाई, हे मले समजत होतं. पण मधल्या माणसाच्याही वाट्याले थोडंसं पाहणं येते.

त्या साली मंडई दोन कोसांवर, माझ्या साळ्याच्या गावी होती. बायको आदल्या दिवशीच गेली. सकाळी मी नवं धोतर नेसलो, तर मागून बिजलीचं नाक लागलं. तेवढ्यात लालसू आला. "भाऊ, नाल्याच्या रेतीत बिबटाचे पंजे आहेत. रातचेच. मंडईले चालले तं म्हातारीले माझ्या घरी ठेवा. मी काई जाऊन नाई राह्यलो."

मी म्हणालो, "माझी कुत्री मले राखता येते."

घरी बांधली असती तर आळीतल्या बायायनं पाहिलं असतं, भाऊ आंधळीले टाकून मंडईले गेला. म्हणून शेतावर नेली. नाल्याच्या अंगाले, जिथी धानाचं पुंजणं रचलं होतं तिथी. खुंट ठोकला. वासराचं दावं घेतलं होतं, ते तिच्या गळ्यात घातलं. तिनं मान पुढं केली, शेपूट हालवली — तिले वाटलं पट्टा घालून राह्यलो, आपण कुठी तरी चाललो. मी दोन गाठी मारल्या. एक पुरली असती.

मंडईत कोणी तरी विचारलंच. "ताजी कुठी ठेवली, भाऊ?"

"पुंजण्यावर. राखणीले."

"आंधळी?"

"तिचं नाक तुमच्या डोळ्यायपेक्षा बरं आहे."

लोक हासले, यावेळी माझ्या बाजूनं हासले. लय दिवसांनी मले बरं वाटलं. मटण खाल्लं, दंडार पाहिली, साळ्याच्या घरीच निजलो. तिची आठवण आली नाई असं म्हणू का? आली. उठलो नाई.

उन्ह वर आल्यावर शेतावर पोचलो. बिबटानं तिले नेली नव्हती. दावं होतं, नेता आली नाई. गळा फाडला, मागचं खाल्लं, बाकी तिथंच टाकलं. खुंटाभोवती मातीत गोल रिंगण पडलं होतं, ती फिरली होती ते.

मी रडलो नाई. पहिलं काम काय केलं सांगू? आजूबाजूले कोणी आहे का ते पाहिलं. मग इळ्यानं दावं कापलं, दगड बांधून बोडीच्या पाण्यात फेकलं. खुंट उपटला. रिंगणावर तणीस पसरलं. तिले ओढत धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत नेलं, आणि मग हाक मारली.

लोक आले. मी सांगितलं, बिबट पुंजण्याकडं आला, ही धावली, धुऱ्यापर्यंत रेटत नेला, तिथी भिडली. लालसू खाली पाहत उभा होता. त्याले माती वाचता येते, आमच्यात कोणाले येत नाई तशी.

"डोळे नाई, तरी भिडली?" त्यानं विचारलं.

"भिडली."

त्यानं तणीस उचलून पाहिलं नाई. माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि खरं मानलं. पाचव्या दिवशी स्वतःची बंडी जुंपून पहाडीवरून उभा दगड घेऊन आला आणि धुऱ्यावर गाडला — गोंड लोक आपल्या मेलेल्या माणसायचा गाडतात तसा. शेंदूर लावला. आता गावचे लोक धानाले इळा लावायच्या आधी तिथी तांदूळ ठेवतात. पारावरचे तेच लोक मले म्हणतात, कुत्रं असावं तं भाऊच्या बिजलीसारखं. मी ऐकून घेतो.

बायको मंडईहून आली ती लय रडली. चार दिवसांनी म्हणाली, "वासराचं दावं दिसून नाई राह्यलं."

"असन कुठी तरी."

"मी निघाली तेव्हा खुंटीलेच होतं."

मी बाहेर निघून गेलो. तिनं अंबाडी भिजवून नवं दावं वळलं आणि पुढं कधी विचारलं नाई. तिले समजलं होतं का? मले माहीत नाई. तिच्या शेवटच्या दुखण्यात दोन महिने मी तिच्याजवळ बसलो होतो. सांगायले वेळ होता.

बिबट येईन हे मले माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाई, लालसूनं सांगितलंच होतं. आणि तेही मूळ नाई. मूळ एवढंच — मले तिची लाज वाटली. चार लोकांत ते पांढरे डोळे आणि धोतराले लागलेलं नाक मले नको होतं. जिच्या जिवावर मी तिथी मोठा झालो, तिचीच.

यंदा कापणीच्या आधी लालसू त्याचं म्हातारं कुत्रं घेऊन दगडापाशी आला. तेही आता उठताना कण्हते. त्यानं कुत्र्याचं डोकं हातानं दगडाले टेकवलं आणि म्हणाला, "बिजलीबाई, याले तुझ्यासारखं मरण दे."

मी बाजूलेच उभा होतो. नारळ माझ्या हातात होता. मी फोडला, आणि अर्धा लालसूले दिला.

हे सगळं लिहून आता चार दिवस झाले. लालसूले वाचता येत नाई. त्याचं घर इथून दिसते. वाचून दाखवायले मी गेलो नाई.