बारा मिनिटांत भरणारी नरखेडची बस

"पाटणकरबाई, तुमच्या कम्प्युटरमधली बस चार मिनिटांत भरते. माझी भरायला बारा लागतात. कोणाचं घड्याळ बिघडलंय?"

डेपो मॅनेजर हसत होते. आमच्या कम्प्युटर सेंटरचे प्रमुख, आमचे सर, हसत नव्हते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका कॉलेजच्या कम्प्युटर सेंटरमध्ये मी सहा महिन्यांची टेम्पररी प्रोग्रामर होते. संध्याकाळची नरखेडची बस रोज लेट सुटायची. का, ते शोधायला मी सिम्युलेशन केलं होतं. म्हणजे कम्प्युटरमध्ये खोटी बस उभी करायची, खोटी माणसं सोडायची, त्यांना वागायचे नियम द्यायचे आणि काय होतं ते बघायचं. माझा नियम साधा होता: दारातून चढा, रिकामी सीट दिसली की बसा.

डेपो मॅनेजरांच्या ऑफिसातून बाहेर आल्यावर सर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत आकडा जुळला तर तुला परमनंट करायला सांगतो. नाहीतर माझा नाइलाज आहे."

माझी पाचावर धारण बसली.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेले. बस वळली, आणि अहो, दाराकडे जातंय कोण! खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत. एकानं तर चक्क चप्पल फेकली. झाली सीट बुक! मग मंडळी निवांत चहाला. आत चढलेले लोक रुमाल बघून पुढे सरकायचे. कोणी उचलायचं नाही.

परत येऊन रुमालाचा नियम घातला, प्रोग्रामच्या भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा पुन्हा मशीनला दिला. उत्तर आलं, सहा मिनिटं. रडू यायचंच बाकी होतं.

गुरुवारी त्या बसचे कंडक्टर मेश्रामभाऊ यांना कागद दाखवला. नोकरीचंही सांगून टाकलं.

"मॅडम, तुमच्या मशिनीतले लोक एकमेकाले ओळखत नाही काय जी?"

"म्हणजे?"

"आमच्या इथं एक जण चढते अन् गावच्या पाच जणाईची जागा धरते. बाकीचे बजार करून आरामात येतेत. तुमचा मानूस एकटाच धावून राहिला. असा मानूस आमच्या बसमंदी नाही."

मी कपाळावर हात मारला. प्रत्येकाला वय दिलं, वेग दिला, सामान दिलं. गाव द्यायचं विसरले! आणि मी स्वतः कामठीची, जन्मभर मामानं धरलेल्या सीटवर बसत आलेली!

शुक्रवारी प्रत्येक माणसाला गावाचा नंबर दिला, आणि एकानं गावच्यांची जागा धरायची, बाकीच्यांनी मागून यायचं, हा नियम घातला. उत्तर आलं साडेअकरा. मी खुर्चीतून उडीच मारली.

डेपो मॅनेजरांच्या मनात दाराशी दोर बांधून लोकांना लाइनीत चढवायचं होतं; पण मागून येणाऱ्यांना लाइन काय करणार, म्हणून तो बेत त्यांनी सोडून दिला. बस नेहमीपेक्षा आठ मिनिटं आधी फलाटाला लावायची, म्हणजे भरायला पुरी बारा मिनिटं मिळतील, एवढंच ठरलं.

सोमवारी आम्ही सगळे स्टँडवर. बस वेळेवर हलली. मेश्रामभाऊंनी घंटी मारली आणि दारातून ओरडले, "मॅडम, परमनंट झाल्या का नाही?"

मी सरांकडे पाहिलं.

"झाली म्हणून सांग त्यांना," सर म्हणाले.

माणसांचं गणित मांडायचं असेल, तर आधी त्यांच्या गर्दीत दोन धक्के खाऊन यावं. वेळ वाचतो.