फोडून आणलेली काच

जादा पैसे मोजून चांगली काच कडेने फोडून आणणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

सुरतेत गोडादऱ्याला राहत होतो तेव्हाची गोष्ट. घरोघरी केबल नुकतीच आली होती. माझ्या धाकट्या बहिणीला, मंदाला, रविवारी बघायला पाहुणे यायचे होते. आधीची दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच! म्हणून आईने टीपॉयला नवी काच सांगितली. "साधी आण," म्हणाली. साधी! मी बँकेत कारकून झालो होतो, मला अभिरुची फुटली होती!

दुकानदाराने उतरती कड दाखवली, गोल दाखवली, लाटांची दाखवली. मी नाक मुरडत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "साहेब, आ जुओ! मोटा बंगलामां आ ज चाले!" मोठ्या बंगल्यांत हीच चालते म्हणे! कडेचे टवके मुद्दाम उडवलेले, एकेक टवका चमचमणारा. (आमच्या खिडक्यांना हीच कड फुकट मिळाली होती, हे तेव्हा सुचलं नाही.)

"काबरं रे, फुटकी काच आणलीस?" आई किंचाळली. "पाहुण्यांसमोर अपशकून?"

"फॅशन आहे ती! तुला नाही कळायचं!" असं तुच्छतेने सांगून मी पेढे आणायला गेलो.

आमच्या गल्लीत बायका घरी साड्यांना लेस लावायचं काम करत. आईने तीच सोनेरी लेस डिंकाने काचेला चहूकडून चिकटवली. मी परतलो तर पाहुणे बसलेले आणि डिंक ओला!

मुलाची आई मंदाचं भरतकाम बघायला उठली. तिचा पदर लेसला चिकटलेला! पदराबरोबर लेस निघाली, काच सरकली आणि चहा-चिवडा मुलाच्या वडिलांच्या मांडीवर!

उघड्या पडलेल्या टवक्यांकडे बघून मुलाची आई कासावीस झाली. "अगंबाई! माझ्यामुळे तुमची काच फुटली हो! कशी भरून देऊ?"

आईने मला डोळ्यांनी दटावलं. गप्प बसलो असतो तर जन्मभर ते आमचे मिंधे राहिले असते. पण माझी फॅशन कोणी अपघात समजतं म्हणजे काय!

"छे हो, काकू! मी फोडूनच आणलीय! जादा पैसे देऊन!"

मुलाच्या वडिलांनी मांडीवरचा चिवडा झटकत माझ्याकडे नीट बघितलं. "मुलगी पसंत आहे," ते म्हणाले. "एकच अट. लग्नाच्या खरेदीला हा नको."

"मान्य!" आईच्याही आधी मंदा ओरडली.

लग्नात माझा सफारीसुद्धा आईनेच निवडला. लोकांनी माझा कपडा वाखाणला, तो आयुष्यात तेवढा एकच!