इथपासूनचा पत्ता

सोनू माझी मुलगी. ती कोण, असं एका परक्या साहेबाने भर मीटिंगमध्ये, तेही इंग्रजीत, विचारलं होतं, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जावा ही प्रोग्राम लिहायची भाषा नवी होती, माझ्या डोक्यावर केस होते आणि पुण्याहून बंगळूरला आलेल्या माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटण्याचे ते दिवस होते. बंगळूरच्याच शिवाजीनगरला एका ग्राहकाकडे मी प्रोग्राम दाखवायला गेलो. माझ्या मशीनवर सुरेख चालणारा प्रोग्राम तिथे हलेना. जावात सगळंच काही आपण लिहीत नाही. मसाला जसा घरी न कुटता डब्यातला घालतात, तशा दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार फाइली घ्यायच्या. त्यांना जार म्हणतात. फक्त तो डबा डिस्कवर कुठे ठेवलाय, हे मशीनला सांगावं लागतं. माझा डबा होता माझ्याच मशीनवर, तो ठेवला त्या दिवशी समोर उघड्या असलेल्या फोल्डरमध्ये, म्हणजे सोनूच्या बारशाच्या फोटोंमध्ये. प्रोग्रामात लिहिलेला तो अख्खा पत्ता ग्राहकाच्या पडद्यावर झळकला आणि खाली उमटलं, क्लास, म्हणजे डब्यातला माल, सापडत नाही.

"हू इज सोनू?" साहेबांनी विचारलं.

"सर, ती फाइल आहे. माझ्या मशीनवर नक्की आहे."

शेजारी बसलेल्या गिरिजाक्का हळूच मराठीत म्हणाल्या, "मग साहेबांना उचलून तुमच्या मशीनवर नेऊन बसवा की ओ, देशपांडे."

गिरिजाक्का आमच्या कंपनीत बिल्ड सांभाळायच्या. म्हणजे आम्ही दहा डोक्यांनी लिहिलेलं एकत्र करून त्याचा चालता प्रोग्राम करायचा, हे काम त्यांचं. त्यांचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत कानडी अशी मिसळलेली की वेगळी काढता येऊ नये. "स्वल्प सरका," म्हणत त्या माझी खुर्चीच ताब्यात घ्यायच्या. चूक सापडली की "सरी!", म्हणजे कानडीत 'बरोबर!', आणि नाही सापडली की जास्त मोठ्याने "सरी!"

'आहे' या शब्दाचं त्यांना वावडं होतं. कुणी "फाइल आहे" म्हणालं की त्या चष्म्यावरून बघायच्या. "आहे म्हणू नका. कुठून बघितल्यावर दिसती, ते सांगा." बिल्डसाठी त्यांनी स्वतःच एक साधन लिहिलं होतं. ते प्रत्येक प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या एका जागी जार शोधायचं. तिथे नसली की थांबायचं. मी एकदा सुचवलं, "अक्का, त्याला सगळी डिस्क धुंडाळू द्या ना. कुठेतरी मिळेलच."

"मिळंल की. शोधायला पाठवलं की ते काहीतरी आणतंच. आणलेलं आपलंच असतं काय?" आणि मग त्यांचं आवडतं वाक्य. "डिस्कच्या मुळापासून पत्ता लिहिला तर मशीन बदलली की पत्ता गेला. आपण उभं हाय तिथनं दाखवा. इथपासून."

ठरल्या वेळेनंतर मात्र त्या कधी थांबायच्या नाहीत. संध्याकाळी पर्स उचलली की गेल्या. घरी वडील होते. अप्पा. सरकारी कारखान्यात फोरमन होते, निवृत्तीनंतर काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. पण बसवनगुडीच्या त्या जुन्या भाड्याच्या घरात अप्पा दिवसभर एकटे राहायचे, रेडिओ लावायचे आणि स्वतःची फिल्टर कॉफी स्वतः करायचे. कुणी मदतीला उठलं तर रागवायचे. अक्कांची नोकरी त्या कॉफीवर चालली होती.

मग मालकाने घर पाडायला काढलं. जवळच्याच एका फ्लॅटमध्ये अक्का गेल्या. मी आणि माझी बायको शुभा सामान लावायला गेलो होतो. मी हौसेने काही मांडायला गेलो की अक्का ओरडायच्या, "तिथं नको! पूर्वेच्या भिंतीला! अप्पांना सवय हाय." तांब्या खिडकीखाली, रेडिओ दक्षिणेच्या कोपऱ्यात, शेगडी आग्नेयेला. जुनं घर त्यांनी भिंतीला भिंत लावून उतरवलं.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो, तर अप्पा पलंगावर हात मांडीत घेऊन बसलेले. आठवडाभर त्यांना काही सापडत नव्हतं. अक्का रजेवर होत्या. पहिल्याच दिवशी शेगडी चाचपताना हात भाजून घेतल्यापासून अप्पा स्वयंपाकघरात गेलेच नव्हते. पाणीसुद्धा मागून पीत होते.

"गिरिजा," ते म्हणाले, "मी इथं पाहुणा हाय काय ग?"

अक्का आम्हाला गॅलरीत घेऊन गेल्या. "सोमवारी राजीनामा देते, देशपांडे. ह्यांना असं सोडून कसं येऊ?"

अशा वेळी मला विनोद सुचतो, हा माझा जुना आजार. मी म्हणालो, "अक्का, हे सगळे पत्ते जुन्या मशीनचे आहेत."

शुभाने मला चिमटा काढला. अक्का वळून आतल्या पलंगाकडे आणि दाराकडे बघायला लागल्या. मग इतक्या जोरात "सरी!" म्हणाल्या की शेजारच्या गॅलरीतली बाई आत गेली.

जुन्या घरात दार उजव्या अंगाला होतं, इथे डाव्या, म्हणून पलंग तेवढा उलटा लावावा लागला होता. भिंती, दिशा सगळ्या जुळल्या होत्या. पण अप्पा काही भिंतींपासून निघत नव्हते, पलंगावरून निघत होते.

"अप्पा, बसल्या जागंवरनं पाणी घ्या."

"कुठं हाय?"

"ते मी बघते. तुमी हात लांब करा, नेहमीसारखा."

अप्पांचा हात हवेत गेला आणि थांबला. अक्कांनी स्टूल सरकवून तांब्या बरोबर त्या हाताखाली ठेवला. मग रेडिओ. मग अप्पांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं करून शेगडी. ओट्याच्या ज्या टोकाला ती आली तिथे गॅसची नळी पोचेना. मी लांब नळी आणायला धावलो. शुभा कॉफीचे डबे हातात धरून अप्पांच्या बोटांची वाट बघत उभी. शेवटी ते घर इतकं विचित्र दिसायला लागलं की डोळे असणाऱ्याने पाहू नये.

अप्पांनी कॉफी केली. आम्ही तिघं भिंतीला टेकून बघत होतो. पेला माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "देशपांडे, तुमच्या डाव्या हाताला ठिवलाय. धुंडाळू नका."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला आणि वरून मलाच झापलं, "सोमवारी तुमचा बिल्ड बघते. परत फोटोत ठिवलंय काय कुठं?"

अप्पा त्यानंतर बरीच वर्षं, शेवटपर्यंत, स्वतःची कॉफी करून प्याले. आता अक्काही नाहीत. त्यांचं ते साधन कधीच अडगळीत गेलं, नवी साधनं आली. ती जार कुठून कुठून आणतात, मला कळतही नाही. पण घरात कुणी "आहे ना तिकडे" म्हणालं की मी आजही चष्म्यावरून बघतो. त्याचा कुणावर काही परिणाम होत नाही.

त्या रविवारी, अप्पांची कॉफी पिऊन, आम्ही संध्याकाळी रिक्षाने घरी आलो. जेवणं झाली, सोनू झोपली. शुभाने पाण्याचा तांब्या आणला आणि तो हातात धरून पलंगाशी उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "डोळे मिटा आणि हात लांब करा. तुमचा कुठे पोचतो, ते मला आत्ताच बघून ठेवू द्या."