कॉम्प्युटरचा दसरा

वालूरला आदिनाथचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटक्या काचा बदलणं, चार्जिंगच्या पिना बसवणं, आणि ‘फोन वाजंनाच झालाय’ म्हणून म्हातारी माणसं आली की आवाजाचं बटण दाबून देणं, हा त्याचा धंदा. जीव मात्र मागच्या खोलीतल्या गेमच्या डब्यात. तो कन्सोल त्यानं परभणीहून जुना आणला आणि कंपनीचं कुलूप तोडून त्यात वाटेल ते चालेल असं करून घेतलं. कंपनीला हे पसंत नाही. पण कंपनी वालूरला येत नाही.

त्यावर क्रिकेटचा एक जुना गेम होता. टेलिग्रामवर ‘उस्ताद’ नावानं वावरणाऱ्या कुणा हौशी पोरानं त्याचा मोड बनवला होता. मोड म्हणजे मूळ गेमला घरी लावलेलं ठिगळ. त्यातून खेळाडूंची नावं बदलता यायची, शर्ट बदलता यायचे, कॉमेंट्रीसुद्धा. आदिनाथनं त्यात अख्खं वालूर कोंबलं, आणि कॉमेंट्रीला घेतलं रंगनाथकाकांना.

रंगनाथकाका म्हणजे पंचायतीचं पाणी सोडणारा माणूस. पण टेनिस बॉलच्या टूर्नामेंट लागल्या की पेडगावपासून जिंतूरपर्यंत माईक त्यांच्याच हातात. ते चेंडू कमी आणि माणूस जास्त सांगायचे. “आता बॅटिंगला यायलेत परमेश्वर. कालच सासुरवाडीहून आलेत, पाय अजून जड हायेत, रन काढतील असं वाटत न्हाई.” परमेश्वर खरंच रनआउट व्हायचा आणि बॅट घेऊन काकांकडे पळत यायचा.

उन्हाळ्यात आदिनाथनं दाराला गोधड्या बांधून काकांना मागच्या खोलीत बसवलं. घामाघूम होऊन काका बोलले: चौकार, षटकार, झेल, बाद, गावातल्या पोरांची नावं आणि प्रत्येकाची एकेक खोडी. गेम लावला की काका डब्यातून बोलायचे. गाव लोटलं बघायला.

मग घट बसायच्या आधी घरात दसरा निघाला, म्हणजे सगळ्या घराची धुलाई. गोधड्या, भांडी, पाट, सगळं अंगणात आणि सुमनबाई, म्हणजे आदिनाथची आई, कमरेला पदर खोचून हुकूम सोडायलेली.

“आदिनाथ, तुह्या त्या दुकानाचाबी दसरा काढ. उकिरडा करून ठिवलास.”

“आई, तिथं धुवायसारखं काय हाय?”

“हाय ते धू.”

आदिनाथनं काउंटर पुसला, जाळी काढली आणि हात लागलाच आहे तर कॉम्प्युटरचाही दसरा काढला. एकदाच लागलेलं, दोनदा साठवलेलं, नाव आठवेना असलेलं सगळं पुसलं. त्यात काकांचं रेकॉर्डिंगही गेलं. गेममध्ये आवाज आहेच, मग आणखी एक प्रत कशाला जागा अडवायला? मोकळ्या जागेवर त्यानं दिवाळीनंतर गिऱ्हाइकांच्या लग्नांचे व्हिडिओ भरले. घर कसं लख्ख झालं.

त्याच सुमारास उस्तादनं मोडची नवी आवृत्ती सोडली. आदिनाथनं ती जुनीवरच चढवली. तेव्हापासून गेम टॉसपर्यंत यायचा आणि गोठायचा. बघू सवडीनं, असं म्हणून त्यानं तो तसाच ठेवला.

ती सवड काकांच्या घशानं दिली नाही. तंबाखूनं घसा धरला होता. मोठ्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. काका परत आले ते गळ्याला भोक आणि त्यावर रुमाल घेऊन.

एका दुपारी त्यांची बायको, सुलाकाकू, त्यांना घेऊन दुकानात आल्या.

“आदिनाथ, त्यांचा आवाज लाव बरं. चाळीस वर्सं म्हनत आले, बसा की गप. आता बसलेत तर घर खायला उठतंय.”

आदिनाथनं गेम लावला. काळा पडदा, मैदान, टॉस. “नमस्कार मंडळी,” काका डब्यातून बोलले, “वालूरनं टॉस जिंकलाय आनि कॅप्टननं ठरवलंय की, की, की, की...” पडदा गोठला. काकू घाबरल्या. आदिनाथनं वायर उपसली.

“जरा अडकलंय काकू. दोन दिवसांत करतो.”

तो वायदा त्यालाच खोटा वाटत होता. त्यानं डब्यातली धूळ काढली, सगळं दुसऱ्या हार्डडिस्कवर उतरवून पाहिलं, फायलींची नावं छोटी केली, परमेश्वरचं नाव काढून पाहिलं, की बाबा तुझ्यापायी अडत असेल. पुसलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर चालवलं. त्यातून निघाली वरातीतली नाचणारी मंडळी. टेलिग्रामच्या ग्रुपवर विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर: नव्या मोडनं आवाज स्वतःच्या गाठीत बांधून टाकलेत, ते फक्त उस्तादला सुटतात, तुझ्याकडं मूळ रेकॉर्डिंग असेलच, ते दे, लगेच करून देतो. आणि उस्ताद ग्रुपवरून कधीचा गायब. आदिनाथनं त्याला निरोपांवर निरोप पाठवले. एकाखालीही वाचल्याची खूण उमटली नाही.

“रेकॉर्डिंग कुठं गेलं म्हने?” सुमनबाईनं जेवताना विचारलं.

“दसऱ्यात.”

“मंग मी काय कॉम्प्युटर धू म्हनले व्हते?”

आदिनाथनं भाकरीचा तुकडा मोडला.

काकू काकांना घेऊन पुन्हा आल्या तेव्हा त्यानं लपवलं नाही. “एवढंच हाय काकू. टॉसपर्यंत. पुढचं माझ्यानं निघंना.” तेवढं वाक्य त्यानं पडद्यापुढं मोबाइल धरून त्यांच्या फोनमध्ये उतरवून दिलं. काकूंनी फोन कानाला लावला, पुन्हा लावला.

“आनि कॅप्टननं ठरवलंय की,” त्या म्हणाल्या. “काय ठरवलंय, ओ? बॅटिंग का बॉलिंग?”

काकांनी सवयीनं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्यावरच्या रुमालातून नुसती हवा सुटली. मग त्यांनी आदिनाथकडं बोट केलं, की याला विचार.

आदिनाथला आठवत नव्हतं. उन्हाळ्यात काकांनी दोन्ही बोलून ठेवलं होतं.

“बॅटिंग,” तो म्हणाला.

काकूंनी मान हलवली आणि फोन परत कानाला लावला.