दुसऱ्याच्या कानातलं

लोकांच्या तोंडांना विटून वहिनींनी दागिने करायला घेतले.

त्याआधीची कितीतरी वर्षं त्या दातांच्या कवळ्या आणि वेड्यावाकड्या दातांवर बसवायच्या तारा बनवणाऱ्या एका कारखान्यात होत्या. कारखाना म्हणजे तीन खोल्या. एकीत प्लास्टर, एकीत भट्टी आणि मधल्या खोलीत खिडकीशी वहिनींचं टेबल. दवाखान्यांतून पेशंटांच्या तोंडांचे साचे यायचे. ते धुऊन पाठवायचे असा नियम होता. पण नियम भिंतीवर आणि साचे टेबलावर. गुलाबी रबरात वाळलेली लाळ, रक्ताची रेघ, कधी सकाळच्या खाण्याचा एखादा तंतूसुद्धा. वहिनी तोंडाला फडकं बांधून तार वाकवायच्या आणि दुपारी भिंतीकडे तोंड करून डबा खायच्या. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात; वहिनींचं भरत होतं, आणि तेही दुसऱ्यांचे दात कोरून. पण घास कधी सुखानं उतरला नाही.

पुढे तारा वाकवायचं यंत्र आलं आणि मालकांनी वहिनींना नारळ दिला. घरी येऊन त्यांनी आधी आंघोळ केली, मग नणंदेला ही बातमी सांगितली.

घरात त्या दोघीच. नवरा गेल्यावर वहिनी कुठे गेल्या नाहीत आणि नणंदेनं जाऊ दिलं नाही. नणंदेचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं; पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. तिच्या हाकेमुळे सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा.

"वहिनी, तुझा हात तारेत बसलाय," नणंद म्हणाली. "कानातली कर. माझ्याकडे येणाऱ्या बायका तासभर आरशात स्वतःचेच कान बघत असतात. समोर टांगून ठेवू, घेतील."

"कानातली," वहिनी म्हणाल्या. "निदान त्यात लाळ नसेल."

जवळच एका मॅडमच्या दिवाणखान्यात दागिने करायचा वर्ग चालायचा. मॅडम गोड बोलायच्या आणि प्रत्येकीला 'बेटा' म्हणायच्या, वहिनींनासुद्धा, हे वहिनींना पहिल्याच दिवशी खुपलं. दुसरं खुपलं ते शेजारी बसलेल्या बाईचं वागणं. मणी ओवताना ती चारपाच मणी गालात धरून ठेवायची आणि उरलेले पुन्हा सगळ्यांच्या वाटीत टाकायची. वहिनींनी आपली वाटी वेगळी मागितली तर मॅडम हसल्या. "बेटा, इतकं सोवळं ठेवलंस तर कला कशी येणार?"

कला आली. तारेला वळण देणं, मणी अडकवणं, कडी उघडून मिटणं हे वहिनींच्या हातचा मळ होतं. अडचण होती सामानाची. मॅडम वर्गात जी पेटी विकायच्या तिच्यातली पक्कड तारेला चावे घ्यायची आणि मण्यांचा रंग घामानं बोटांना लागायचा. म्हणून वहिनी घाऊक बाजारात स्वतः हिंडल्या. एका दुकानात मण्यांच्या पिशव्या उघडल्या तर उंदरांच्या मुताचा वास. दुसऱ्या दुकानदारानं बोट जिभेला लावून लावून कड्या मोजल्या. तिसऱ्यानं डिंकाच्या डब्याचं झाकण त्यांच्या नाकाखालीच उघडलं. डोकं दिवसभर ठणकत राहिलं. चौथ्याकडे सगळं स्वच्छ होतं, चकचकीत, एकेक हुक वेगळ्या खाचेत. त्याची किंमत ऐकून वहिनींनी नमस्कार केला आणि त्या दुकानाबाहेर पडल्या.

शेवटी मॅडमनीच त्यांना बाजूला घेतलं. "सगळ्यांना सांगत नाही हं. शेठकडे जा. माझं नाव सांग."

शेठला बाजारात किलोशेठ म्हणायचे, कारण तो सगळंच वजनावर द्यायचा. त्याचं दुकान एका गोदामाच्या तोंडाशी होतं, दिव्याखाली, आत सगळा अंधार. कानातल्यांचे हुक एका निळ्या पिंपात सुटे भरलेले. शेठनं खांद्यावरच्या फडक्यानं मान पुसली, काखा पुसल्या, आणि तोच हात कोपरापर्यंत पिंपात घातला.

"हे असे सुटे का?" वहिनींनी विचारलं.

"पाकिटं हवीत? मग पाकिटाच्या दुकानात जा."

वहिनींच्या अंगावर काटा आला. पण भाव निम्म्याहून कमी होता. नाक दाबून त्यांनी हुक घेतले, घरी आणून साबणाच्या पाण्यात दोनदा खळबळले, आणि मनाला म्हटलं, बाजार म्हटला की एवढं चालायचंच. पुढे त्यांना सगळ्यात जास्त किळस आली ती आपल्या या वाक्याची.

कानातली मात्र सुरेख झाली. तांब्याच्या तारेचा घट्ट पीळ आणि त्यात राखाडी निळा मणी. नणंदेनं आरशाच्या चौकटीला दोरी बांधून ती टांगली. पहिली जोडी घेतली बसच्या कंडक्टर मुलीनं. ती दर महिन्याला केस कापायला यायची आणि यायची तशी दुकानभर हसून जायची. तिनं ती तिथेच घातली, मान हलवून बघितली, म्हणाली, "वहिनी, आता पाशिंजर तिकिटाऐवजी माझ्या कानाकडे बघणार." हळूहळू बाकीच्याही खपल्या. नणंद म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं?"

मग एके सकाळी कंडक्टर मुलगी दुकानात आली ती डोक्याला ओढणी गुंडाळून. आज ती हसली नाही. ओढणी सोडली आणि नणंदेच्या हातातली कात्री खाली पडली. दोन्ही कानांच्या पाळ्या जांभळ्या, बोराएवढ्या सुजलेल्या. भोकाभोवती पिवळी खपली धरलेली, आणि हुक त्या सुजेत रुतून बसलेला. बाहेर दिसत होता फक्त निळा मणी, त्यावरही चिकट ओघळ.

"निघतच नाहीये," मुलगी म्हणाली. "ओढलं की जीव जातो."

वहिनींनी पाणी उकळलं, कापूस घेतला, आणि दातओठ खाऊन काम केलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडातली घाण तारेनं हाताळली होती. पण तेव्हा मध्ये साचा होता, माणूस नव्हतं. हुक सुटला तसा पू बोटांवरून मनगटापर्यंत आला. त्यांनी मुलीला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं, औषध घेऊन दिलं, घरी पोचवलं. परत आल्या आणि पिंपातून आणलेले उरलेले हुक पांढऱ्या कागदावर ओतून भिंगातून बघायला बसल्या.

तार त्यांना वाचता यायची. नवी कडी एकदाच वळलेली असते. उघडून मिटलेली कडी ते सांगून टाकते, पकडीचा ओरखडा लपत नाही. जवळजवळ प्रत्येक कडीवर ओरखडे होते. एका हुकाच्या वळणात तपकिरी पापुद्रा वाळलेला. दुसऱ्यात केस, तोही पांढरा. वहिनींनी मूठभर हुक गरम पाण्यात टाकले. वाफेबरोबर जो वास वर आला तो त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. बरेच दिवस कानात राहिलेलं कानातलं काढलं की बोटांना येतो तो वास. पण एका कानाचा नाही, शेकडो कानांचा.

वहिनी मोरीकडे धावल्या.

दुसऱ्या दिवशी त्या किलोशेठकडे गेल्या तेव्हा शेठ पुढे नव्हता. त्या सरळ आत गेल्या. अंधाराला डोळे सरावले तशा जमिनीवर बसलेल्या बायका दिसल्या. मध्ये पोती. पोत्यांत जुनी कानातली, हजारोंनी, तुटकी, काळी पडलेली. बायका हुक तोडून बादलीत टाकत होत्या, मणी वेगळे, खडे वेगळे. बादलीतल्या पाण्यावर साय धरली होती. एक बाई त्याच हातानं पाव खात होती.

"काय पाहिजे?" शेठ मागून म्हणाला.

"हे कुठून येतं?"

"कुठून म्हणजे? कचऱ्यातून. जुन्या बाजारातून. ज्यांना आता लागत नाही त्यांच्याकडून."

"लागत नाही म्हणजे?"

शेठनं खांदे उडवले. "इस्पितळातून पण येतं. घरचे विसरून जातात. आम्ही कशाला विचारायचं?"

वहिनींना भिंतीला हात लावावासा वाटला, पण भिंतीलाही हात लावायची त्यांची इच्छा झाली नाही.

"एका पोरीचे कान सडलेत तुमच्या मालानं."

"बाई," शेठ शांतपणे म्हणाला, "सोनाराकडे जुनं सोनं जातं ते काय कानातलं नसतं? त्याला कोणी शी म्हणत नाही."

"सोनार ते वितळवतो!"

"मग तुम्ही पण वितळवा." तो हसला. त्याला खरंच विनोद वाटला होता. बायकांतल्याही दोघी हसल्या. "आणि मी बोललो म्हणून मॅडमला सांगू नका बरं का. त्यांची पेटी इथूनच भरते."

वहिनी तशाच मॅडमकडे गेल्या. वर्ग चालू होता. मॅडमनी त्यांना स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि आवाज खाली केला.

"बेटा, मी उकळून घेते. तू उकळलं नाहीस का?"

एवढंच. लाज नाही, दचकणं नाही. तू उकळलं नाहीस का! वहिनींना वाटलं, या बाईला दोष तरी काय द्यायचा, पिंपावर वाकलेली आपलीच पाठ आठवते की आपल्याला. त्या म्हणाल्या, "मला बेटा म्हणू नका," आणि दार उघडून बाहेर आल्या. दिवाणखान्यात वर्गातल्या बायका मान खाली घालून मणी ओवत होत्या. वहिनींनी दारातूनच त्यांना सांगितलं की हे हुक वापरलेले आहेत. दोघीतिघींनी हातातलं खाली ठेवलं. गालात मणी धरणारी म्हणाली, "हो? तरीच स्वस्त," आणि ओवत राहिली.

यापुढची गोष्ट वहिनी सांगतात तेव्हा अजूनही त्यांचं नाक आक्रसतं. विकलेली सगळी कानातली परत घ्यायची असं त्यांनी ठरवलं. नणंदेला गिऱ्हाइकं पाठ होती. दोघी दारोदार हिंडल्या. वहिनी खरं ते सांगायच्या, नणंदेला ते ऐकवायचं नाही म्हणून ती जिन्यातच थांबायची. काहींनी शी शी करत काढून दिली. एकीनं ती कागदात धरून खिडकीतून खाली टाकली. पण निम्म्यांनी दिलीच नाहीत!

"मला तर काही झालं नाही," एक म्हणाली.

"अहो, कुठल्या तरी मेलेल्या माणसाच्या कानातलं असेल ते."

"असेल. आता माझ्या कानात आहे ना?"

दुसरीनं आरशासमोरून न हलता विचारलं, "हाच मणी हिरव्यात येईल का?"

परत येताना वहिनी नणंदेला म्हणाल्या, "वन्सं, मला वाटायचं घाण तोंडात असते."

नणंद भराभर पुढे चालत होती. तिला चहा हवा होता.

कंडक्टर मुलीचे कान बरे व्हायला बरेच दिवस लागले. एका पाळीला गाठ राहिली ती राहिलीच. वहिनी रोज तिच्याकडे जाऊन कान धुऊन द्यायच्या. दर वेळी तोंडाला फडकं बांधायच्या, दर वेळी जायच्या. एकदा मुलगीच म्हणाली, "तुम्हाला एवढी शिसारी येते तर कशाला येता?" वहिनी म्हणाल्या, "शिसारी येते म्हणूनच. ज्याला येत नाही त्याच्या हातून काही धुऊन घेऊ नये." मग दोघी हसल्या.

हुकाशिवाय कानातलं होत नाही आणि चकचकीत दुकान परवडत नव्हतं. वहिनी डोकं खाजवत बसल्या आणि त्यांना आठवला तो जुन्या कारखान्याला तार पुरवणारा तारवाला. तोंडात वर्षानुवर्षं राहायची तार, तिला गंज नाही की खाज नाही. रिळांच्या शेवटी उरलेले आखूड तुकडे कोणी घेत नसे. तो ते डब्यात साठवून भंगारात द्यायचा. वहिनींनी ते मागितले तर तो म्हणाला, "एवढ्याशा तुकड्यांचं करणार काय?" कानाच्या हुकाला तेवढाच तुकडा लागतो. वहिनींनी आपल्या जुन्या पकडीनं ते वाकवायला घेतले, टोकं दगडावर घासून गोल केली, आणि पहिला हुक आधी स्वतःच्या कानात घातला. आठवडाभर ठेवला. मगच दुसरा केला.

आता हे हुक त्यांच्या कानातल्यांपेक्षा जास्त खपतात. गल्लीबाहेरच्या दागिने करणाऱ्या बायकासुद्धा येऊन नेतात. मॅडमचाही निरोप आला होता, वर्गासाठी हवेत म्हणून. वहिनींनी उलट निरोप धाडला की आधी पेट्या फेकून द्या, मग बोलू. मॅडमनी पेट्या फेकल्या नाहीत. किलोशेठचं गोदाम आजही भरलेलं आहे. वहिनी त्या रस्त्यानं जात नाहीत, गेल्या तर नाकाला पदर लावून.

दुकानात आरशाशेजारी आता एक पाटी आहे, 'घालून बघू नये'. बायका वाचतात आणि घालून बघतात. परवा एकीनं असंच केलं. जोडी कानात घातली, मान डावीउजवीकडे केली, तोंड वाकडं केलं आणि काढून परत दोरीवर अडकवली. वहिनींनी ती चिमट्यानं उचलली आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकली.

ती बाई रागावली. "माझे कान स्वच्छ आहेत हो!"

"असतील," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.