कमांडरच्या दारावरचं पान

"खाली बस. वाकून नाही, गुडघ्यावर."

म्हातारा माझ्याशी असंच बोलायचा. मी त्याचे पाय धुवायची. परदेशातल्या माउंट रॉस्किलमधला वृद्धाश्रम, २०१६ साल. मी बसले गुडघ्यावर.

युरोपातल्या एका फुटलेल्या देशातला तो. तिथं आधी सिगारेटी पळवायचा, दुकानदारांकडून हप्ते घ्यायचा. युद्ध पेटलं तशी सरकारनं त्याच्याच टोळीला वर्दी चढवली. गुंडाचा कमांडर झाला. हे त्यानंच सांगितलं. मजेत.

"डोंगरातल्या त्या गावातली माणसंपण अशीच बसली होती. माझे बूट पुसत."

"मग?"

"मग काय. बूट पुसून झाले. गाव पेटवलं."

हसला. मी त्याचे पाय कोरडे केले. बोटांच्या मधलंसुद्धा. तसं शिकवलंय.

आमची मॅनेजर पुण्याची. आम्ही मराठी मुली तिला ताई म्हणायचो. म्हटलं, ताई, मला दुसऱ्या खोलीचं काम द्या. तिनं मानही वर केली नाही.

"अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? तुमच्या लोकांना सवय असते ना असल्या कामाची."

तुमच्या लोकांना. माझा बाप नगरपालिकेची गटारं उपसायचा. मी घरातली पहिली बी.ए. समुद्र ओलांडून आले, तर आडनाव माझ्याआधीच येऊन बसलेलं.

तिथं प्रत्येक खोलीच्या दारावर आतल्या माणसाची जीवनकथा लावतात. एक पान, फोटोसकट. नव्या कामगारानं वाचावं, आदरानं वागावं, म्हणून. कमांडरचं पान राहिलं होतं. त्याच्या लेकीनं मुद्दे पाठवले. व्यापारी. देशभक्त. गावांचा रक्षणकर्ता.

"तुझं इंग्लिश छान आहे, तूच लिही," ताई म्हणाली. "तुझ्या व्हिसाचं लेटर मी या वीकला करतेच."

त्या लेटरशिवाय माझा व्हिसा वाढणार नव्हता. तिला ठाऊक होतं.

'व्यापारी' लिहिलं. 'देशभक्त'पाशी पेन थांबलं. आमच्या गावात वस्ती जाळणाऱ्याच्या नावाची कमान आहे. वर लिहिलंय, समाजभूषण. तेही कुणा शिकलेल्यानंच लिहून दिलं असणार. चांगल्या अक्षरात. त्यालाही काहीतरी हवं असणार.

पान फाडलं. नवं घेतलं. सिगारेटी, हप्ते, वर्दी, बूट, पेटलेलं गाव. त्याच्याच तोंडचं, शब्दाला शब्द. खाली माझं नाव, आडनावासकट.

ताईनं वाचलं. "वेडी आहेस का? व्हिसा नकोय तुला?"

"हवाय. पण लावायचं तर हेच लावा."

तिनं ते कागद कापायच्या यंत्रात घालून चिंध्या केल्या. दुसऱ्या दिवशी दारावर देशभक्त झळकला. माझ्याच मैत्रिणीनं लिहिलेला. तिचाही व्हिसा ताईच्याच हातात होता.

लेटर आलं नाही. दीड महिन्यात मी परत नांदेडला. तो तिथंच. जेवतो, हसतो, नव्या मुली त्याला आदरानं हाक मारतात. माझ्या एका पानानं काही बदललं नाही. बदलेल असं वाटतही नाही.

पोटासाठी कुणाचंही अंग पुसेन. गाव जाळणाऱ्याला देशभक्त लिहिणार नाही. व्हिसा द्या, उपाशी ठेवा. नाही लिहिणार.